सोलापुरात घरचं ब्रॉडबँड वाढवायचंय? आधी दोष शोधा, मग पैसे भरा

नेट हळू चालतंय म्हणून कंपनीला फोन केला की पलीकडून पहिला सल्ला येतो तो प्लॅन वाढवण्याचा. महिन्याला दोनशे-तीनशे रुपये जास्त जायला लागतात आणि आठवड्याभरात आतल्या खोलीतला व्हिडिओ पुन्हा तसाच अडकतो. नातेवाइकांकडे, शेजारीपाजारी हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी दोष कुठं आहे ते शोधा. खांबावरून येणारी वायर, भिंतीवरचा डबा (म्हणजे मोडेम-राउटर), त्याचा अडॅप्टर, घरातलं वायफाय आणि हातातला फोन किंवा लॅपटॉप, या पाचांपैकी एक जरी कमजोर असेल तर मोठा प्लॅन घेऊन काहीच हाती लागत नाही.

पहिल्यांदाच कनेक्शन घेणाऱ्यांसाठी, तांब्याच्या जुन्या लाईनवरून फायबरवर जाणाऱ्यांसाठी, आणि पुण्या-हैदराबादची नोकरी सोलापुरातल्या घरातून करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा.

पहिली पायरी: खरंच किती वेग लागतो ते बघा

टीव्हीवर एक फुल एचडी चित्रपट चालायला साधारण ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, हे वेगाचं माप) पुरतात. ४के असेल तर १५ ते २५. व्हिडिओ कॉलला ३-४ पुरतात, पण तेवढेच वर जाणारेही लागतात, म्हणजे अपलोडचे. चार माणसांच्या घरात एक टीव्ही, एक ऑनलाइन क्लास, एक ऑफिसचा कॉल आणि दोन मोबाइल असं सगळं एकदम चाललं तरी ५० एमबीपीएसमध्ये भागतं. १०० म्हणजे ऐसपैस. ३०० किंवा ५०० ची गरज मोठमोठ्या फायली रोज चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांना पडते, उदाहरणार्थ लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना. त्यांनी अपलोडचा वेग आवर्जून विचारावा, कारण काही प्लॅनमध्ये डाउनलोड भरपूर आणि अपलोड त्याच्या निम्म्यापेक्षा कमी असतं.

एक हिशोब डोक्यात पक्का असू द्या. प्लॅनचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइल उतरताना संगणक जो आकडा दाखवतो तो बाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेबारा एमबीने उतरत असेल तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय. यावरून लाईनमनशी भांडण काढणारे मी पाहिले आहेत, आणि त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नसते.

दुसरी पायरी: कनेक्शन घेण्याआधी पाच प्रश्न, उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर

तोंडी बोलणं ऐकून घ्या, पण शेवटी म्हणा, "दादा, हे सगळं मला मेसेज करून ठेवा की." माणूस प्रामाणिक असेल तर लगेच पाठवतो.

जीएसटीसह महिन्याला किती? ब्रॉडबँडवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे जाहिरातीतले ४९९ बिलावर ५८८ रुपये ८२ पैसे होतात. दुसरं, डेटाची मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती राहतो? ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या कित्येक प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. घरगुती वापराला ती भरपूर आहे, पण लहान प्लॅनमध्ये मर्यादाही लहान असू शकते. तिसरं, डबा आपला की कंपनीचा, अनामत किती, आणि कनेक्शन सोडल्यावर ती किती दिवसांत परत? चौथं, डब्याला गिगाबिट पोर्ट (हजार एमबीपीएसपर्यंत वेग झेलणारं वायरीचं तोंड) आहे का आणि वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन्ही बँडचं आहे का?

पाचवा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, पण सोलापुरात मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: फायबर थेट माझ्या घरापर्यंत येणार, की शेजारच्या गच्चीवरच्या स्विचपर्यंत फायबर आणि तिथून साधी लॅनची, म्हणजे तांब्याची नेटवर्क वायर? थेट फायबर असेल तर मधल्या वाटणी डब्याला वीज लागत नाही. गल्लीतली लाईट गेली तरी तुमच्या डब्याला इन्व्हर्टर असला की नेट चालू राहतं. गच्चीवर स्विच असेल तर त्या घरची वीज गेली की तुमचं नेट गेलं, मग तुमच्याकडे इन्व्हर्टर असो वा नसो. घरून काम करणाऱ्याने दुसऱ्या प्रकारचं कनेक्शन घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्षभराचे पैसे एकदम भरले तर सूट मिळते हे खरं. तरी पहिले दोन महिने महिन्याचाच प्लॅन घ्या. जुळे सोलापूरच्या एका गल्लीत उत्तम चालणारी कंपनी सैफुलकडच्या दुसऱ्या गल्लीत तशीच चालेल याचा भरवसा नसतो. सगळं त्या भागातल्या केबलवाल्यावर आणि त्याच्या माणसांवर अवलंबून असतं. म्हणून कंपनीचं नाव बघण्याआधी आपल्याच गल्लीतल्या दोन घरी विचारा: लाईन तुटली तर किती वेळात जोडून देतात?

तिसरी पायरी: वायर ओढायला येतील त्या दिवशी घरी थांबा

लाईनमनला जिथं सोपं पडतं तिथं तो डबा लावतो, आणि सोपं पडतं ते दारातल्या मीटरच्या शेजारी. मग घरातल्या सगळ्यात बाहेरच्या कोपऱ्यात डबा आणि सगळ्यात आतल्या खोलीत अभ्यास करणारं पोरगं. डबा घराच्या मध्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर हवा. टीव्हीच्या कपाटात, फ्रिजवर, इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ लावू देऊ नका. दहा-पंधरा मीटर वायर जास्त लागेल, त्याचे पैसे मागितले तर द्या. ते पैसे वसूल होतात.

फायबर म्हणजे काचेची तार. खिडकीच्या फटीत दाबली, भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात वळवली किंवा खिळ्याला गुंडाळली की आतला प्रकाश कमी होतो. वळण हाताच्या मुठीएवढं गोल ठेवायला सांगा. भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरतं हवं, आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत आत न येता झोलाच्या टोकावरून बाहेरच गळतं. काम करताना काचेचे बारीक तुकडे फरशीवर पडतात. ते झाडूने न लोटता चिकटपट्टीने उचलायला सांगा, पायात रुततात. आणि उघड्या फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, पोरांनाही बघू देऊ नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझरचा असतो.

जाण्याआधी लाईनमनला एक गोष्ट सांगा: "दादा, मीटर लावून आकडा दाखवा." त्याच्याकडे प्रकाश मोजायचं छोटं यंत्र असतं. आकडा उणे डीबीएममध्ये येतो. ते प्रकाशाच्या ताकदीचं माप आहे; उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे २० ते उणे २४ च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या पलीकडे गेला तर आज नेट चालेल, पण पहिल्याच पावसात रडायला लागेल. तेव्हाच जोड पुन्हा करून घ्या. त्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी तक्रार कराल तेव्हा "पहिल्या दिवशी एवढा होता, आज एवढा आहे" हे दाखवता आलं की कुणी वाद घालत नाही.

नेटचं युजरनेम आणि पासवर्डही त्याच दिवशी लिहून घ्या. डब्याच्या मागे बारीक भोकात रिसेटचं बटण असतं. नेट अडलं की त्यात टाचणी खुपसायची सवय पुष्कळांना असते. त्याने डब्यातली सगळी मांडणी पुसली जाते, आणि युजरनेम हाताशी नसेल तर लाईनमन येईपर्यंत घर बंद. डबा नुसता बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं वेगळं. ते खुशाल करा.

चौथी पायरी: वेग मोजायचा तो वायरने

मोबाइल हातात धरून पलंगावर पडून केलेली स्पीड टेस्ट तुमच्या वायफायची असते, लाईनची नव्हे. लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट डब्याला जोडा, बाकी सगळ्यांना जरा वेळ नेट वापरू नका म्हणून सांगा आणि मग टेस्ट करा. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊच्या सुमारास. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मा वेग येत असेल तर दोष तुमच्या घरात नाही. त्या भागातली लाईन गर्दीच्या वेळी कमी पडतेय, आणि यावर प्लॅन वाढवणं हा उपाय अजिबात नाही, कारण वाढवलेला प्लॅनही त्याच गर्दीतून येणार. दोन्ही वेळा वायरने पूर्ण वेग येतो आणि मोबाइलवर येत नाही, तर दोष वायफायचा. वायरनेही दोन्ही वेळा कमीच, तर लाईन, डबा किंवा ती वायर.

इथं एक आकडा लक्षात ठेवा: ९४. होटगी रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये १०० चा प्लॅन वाढवून ३०० चा केला होता आणि टेस्ट दरवेळी ९४-९५ वर येऊन थांबत होती. कंपनी म्हणत होती आमच्याकडून ३०० सोडलेत, घरमालक म्हणत होते मिळत नाहीत, आणि दोघांचंही खरं होतं. जुन्या किंवा स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. त्यातून सगळी वजावट होऊन ९४-९५ च बाहेर पडतात. त्या घरात डब्याला जोडलेला वेगळा राउटर मात्र गिगाबिटचा होता. मग डब्यापासून राउटरपर्यंतची हातभर पिवळी वायर काढून उजेडात धरली. टोकाच्या पारदर्शक प्लगमध्ये आठ रंगीत तारा दिसायला हव्यात, तिथं चारच होत्या. चार तारांवर १०० च्या वर वेग जातच नाही. नवी आठ तारांची, कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेली वायर लावली आणि त्याच मिनिटाला आकडा तीनशेच्या घरात गेला. कधी आठही तारा असतात, पण एखादी प्लगमध्ये नीट बसलेली नसते. तेव्हाही हाच ९४ चा आकडा दिसतो. टेस्ट नव्वदीत अडली की आधी वायर बदला.

पाचवी पायरी: जाड भिंती आणि वायफाय

वायफायचे दोन बँड असतात. २.४ गिगाहर्ट्‌झ लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण हळू असतो, आणि वस्तीच्या गल्लीत शेजाऱ्यांच्या सगळ्या राउटरची त्यात रेटारेटी असते. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण एका जाड भिंतीतच दमतो. डब्याशेजारी उभं राहून ५ वर ३०० दिसले आणि स्वयंपाकघरात २० दिसले तर नवल नाही.

शहराच्या जुन्या भागातली माळवदाची घरं याला आणखी अवघड. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, पण वायफाय दुसऱ्या खोलीतही पोचत नाही. साखर पेठेतल्या एका काकूंचा नातू मागच्या खोलीत ऑनलाइन क्लास करायचा. काकू म्हणाल्या, "पोरगं म्हणतंय मोठा प्लॅन घ्यावा लागतंय म्हणून. घेऊ का ओ?" तपासलं तर समोरच्या खोलीत वेग पूर्ण, मधल्या खोलीत निम्म्याहून कमी, मागे जवळपास काहीच नाही. मोठा प्लॅन घेतला असता तरी मागे काहीच आलं नसतं. माळ्यावरून लॅनची एक वायर मागच्या खोलीपर्यंत ओढली आणि घरात पडून असलेला जुना राउटर तिथं अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतलं नेट फक्त वायफायवर देणारा डबा म्हणून, लावला. प्लॅन आहे तोच राहिला. खर्च झाला तो फक्त वायरीचा.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डब्याची जागा बदलून बघा, फुकटचा उपाय आहे. मग लॅनची वायर ओढून दुसरा राउटर. वायर ओढणं शक्यच नसेल तर मेश, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडलेले दोन-तीन राउटर. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त एक्सटेंडर मी कुणालाच सुचवत नाही: एकाच बँडवर ऐकायचं आणि त्याच बँडवर पुढं सांगायचं, यात वेग सरळ निम्म्यावर येतो. दुसरा राउटर लावताना सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट निवडा किंवा त्याचं डीएचसीपी, म्हणजे वस्तूंना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम, बंद करा. नाहीतर घरात दोन राउटर एकाच वेळी पत्ते वाटायला लागतात आणि प्रिंटर, कॅमेरे सापडेनासे होतात.

नव्या राउटरवर कॅमेरा किंवा स्मार्ट प्लग जोडला जात नाही, ही तक्रार नेहमीची आहे. वस्तू बिघडलेली नसते. अशा बहुतेक वस्तू फक्त २.४ वर चालतात आणि नवे राउटर दोन्ही बँडला एकच नाव देतात. दोन बँडना वेगळी नावं द्या, कॅमेरा २.४ वर जोडा, काम झालं.

सहावी पायरी: दिवे आणि अडॅप्टर

डब्यावरचे दिवे वाचायला शिका. पॉनचा (PON) दिवा स्थिर हिरवा, म्हणजे फायबर ठीक. एलओएसचा (LOS) दिवा लाल, म्हणजे घरापर्यंत प्रकाशच येत नाही. तेव्हा सेटिंगमध्ये काहीही खुडबूड करू नका, वायर कुठं दबली-तुटली का ते बघा आणि फोन करा. रस्त्याचं किंवा जलवाहिनीचं खोदकाम चालू असेल तर बहुधा तिथंच तुटलेली असते. दोन्ही दिवे ठीक आणि तरी नेट नाही, तर बिल थकलंय, युजरनेम पुसलं गेलंय किंवा कंपनीकडेच बिघाड आहे.

दिवे सगळेच विझून पुन्हा लागतायत, दिवसातून चार-पाच वेळा डबा आपोआप सुरू होतोय, तर संशय घ्यायचा तो अडॅप्टरवर. डब्याला दोष देऊन लोक नवा राउटर आणतात आणि अडॅप्टर जुनाच वापरतात! बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश छापलेलं असतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचाच पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत, बंद कपाटात काय होत असेल ते सांगायला नको. उष्णतेने अडॅप्टरमधले कपॅसिटर फुगतात, व्होल्टेज डगमगतं आणि डबा बंद-चालू होत राहतो. हात लावून बघा: कोमट असेल तर चालेल, पण चटका बसत असेल, वास येत असेल किंवा बारीक गुणगुण ऐकू येत असेल तर आजच काढा.

नवा घेताना मागची छापील पट्टी जुळवा. १२ व्होल्ट लिहिलं असेल तर १२ च, त्यात कमीजास्त चालत नाही. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाहीत. पिन तेवढ्याच जाडीची आणि तिच्या आतबाहेरची अधिक-उण्याची खूणही तीच हवी. सुट्या अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर नोंद आहे ते दिसतं. नवी पेठेतल्या दुकानात उभं राहूनसुद्धा हे एका मिनिटात होतं. क्रमांक नसेल किंवा भलत्याच कंपनीचा निघाला तर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. हीच तपासणी मोबाइल चार्जर आणि पॉवर बँकेला लागू आहे, आणि तिथं ती जास्त गरजेची आहे, कारण ती वस्तू रात्रभर उशाशी असते.

वीज जाऊन इन्व्हर्टर लागतो त्या क्षणभराच्या खंडात डबा बंद पडतो आणि पुन्हा जुळायला दोन-तीन मिनिटं घेतो. ऑफिसचा कॉल तेवढ्यात तुटतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, तो या कामाला चांगला. घेताना व्होल्ट-अँपिअर वरच्यासारखेच जुळवा. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर आणि गच्चीवरून येणारी लॅनची वायर दोन्ही काढून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण तांब्याच्या तारेतून येते.

सातवी पायरी: वस्तू खराब निघाली तर

बिल घ्या. यावर मी अडून बसतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. "बिल नको, दोनशे कमी करतो" असं म्हणाले तरी बिलच घ्या, त्यावर वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि लगेच फोटो काढा. छापील कागदावरची अक्षरं दोन उन्हाळ्यांत पुसट होतात. ऑनलाइन मागवलं असेल तर खोक्यावरच्या पत्त्यापासून वस्तू चालू होईपर्यंतचा सलग व्हिडिओ काढा, मध्ये थांबवू नका. बिलावर विकणाऱ्याचं नाव वेगळं असतं, तेही पाहून ठेवा, आणि वॉरंटी उत्पादकाची आहे की नुसती विक्रेत्याची, हे मागवण्याआधीच वाचा. सोलापुरात त्या कंपनीचं सेवा केंद्र आहे का हेही आधीच विचारा. नसेल तर वस्तू पुण्याला जाणार, आणि तेवढे दिवस तुमच्याकडे काही नसणार.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं पावतीखाली छापलेलं असतं. त्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. दुकानदाराशी हे शांतपणे बोलायचं. आपल्याकडचे बहुतेक दुकानदार वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाहीत. कायदा ठाऊक असला की आपल्याला आवाज चढवावा लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग बऱ्याचदा होतो.

सेवा केंद्रात वस्तू दिली की जॉबशीट, म्हणजे वस्तू आणि तिचा दोष नोंदवलेली पोच, घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. त्यावर ‘चालत नाही’ एवढंच लिहू देऊ नका. ‘दर अर्ध्या तासाला आपोआप बंद होतो, ५ गिगाहर्ट्‌झ दिसत नाही’ असं नेमकं लिहायला लावा. तोच दोष दुसऱ्यांदा आला तर आधीची जॉबशीट दाखवता येते आणि बदलून मागता येतं.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका. तो बिलावरून, खोक्यावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून घ्या. "रिफंड देतो, हे अ‍ॅप टाका, स्क्रीन दाखवा" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर कळवा. घरातल्या मोठ्या माणसांना हे आवर्जून समजावून सांगा, कारण असे फोन त्यांनाच जास्त येतात.

आठवी पायरी: तक्रार

ब्रॉडबँडची तक्रार केबलवाल्या दादाला फोन करून होत नाही. त्याला फोन जरूर करा, कारण लाईन तोच जोडणार. पण कंपनीच्या क्रमांकावरही नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्या. तो नसेल तर कागदोपत्री तुमची तक्रार झालेलीच नसते. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीचं निवारण झालं नाही किंवा पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला फी नाही. ही दुसरी पायरी लोकांना माहीतच नसते. अपील केलं की फाइल वरच्या माणसाच्या टेबलावर जाते आणि महिनाभर रखडलेलं काम हलतं.

तिथंही नाही झालं, किंवा तक्रार वस्तूची असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. इथं मराठीतही बोलता येतं. ऑनलाइन विक्रेत्यांवर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचं बंधन आहे: तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. मेल पाठवताना ही ओळ त्यात लिहा.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. वर सांगितलेला २०१९ चा नवा ग्राहक कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात आपल्यासारख्यांना मोठी सोय झाली: विकणारी कंपनी मुंबईची असो की बेंगळुरूची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच तक्रार दाखल करता येते. वस्तूची किंवा सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालतच नाही, असं अजूनही काही जण सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती चालते असा स्पष्ट निकाल दिलेला आहे. स्क्रीनशॉट, डीबीएमचा फोटो, डॉकेट नंबर, बिल, जॉबशीट, सगळं तारखेप्रमाणे लावा. दोन पानांत मावेल एवढं लिहा. राग आलेला असतो हे मला कळतं, पण अर्जात रागाऐवजी तारखा लिहा.

आणि कनेक्शन बदलायचंच ठरलं तर जुनं लगेच तोडू नका. नवं आठ दिवस, त्यात एखादी रात्रीची गर्दीची वेळ आणि एखादा पाऊस धरून, चालवून बघा. मग जुन्याला लेखी कळवा. डबा आणि अडॅप्टर न्यायला माणूस आला की दोन्हींचा सिरियल नंबर लिहिलेली पोच त्याच्या सहीने घ्या, आणि अनामत खात्यात जमा होईपर्यंत ती जपून ठेवा.